मोटारसायकलचा आत-बाहेर तक्ता

सिस्टरने मोटारसायकलखाली इस्पितळातला किडनी ट्रे सरकवला आणि घड्याळ पाहिले. नऊ वाजून चाळीस मिनिटे. रेडिएटरच्या नळीच्या तोंडाशी कूलंटचा हिरवा थेंब फुगला, पडला, मागून दुसरा आला आणि मग गुळगुळ आवाज करत बारीक धारच लागली.

दगडखाणीकडे निघालेला एक ट्रक घाटाच्या त्या वळणावर हळू झाला. ड्रायव्हरने मुंडके बाहेर काढले.

"काय बाई, गाडीला उलटी होतेय का?"

"उलटी वरून होते," मान न वळवता सिस्टर म्हणाली. "हे खालून चाललंय."

"मग जुलाब म्हणा."

"म्हणा तुम्ही. मला काही म्हणायची परवानगी नाही. मी फक्त मोजते."

"पाणी देऊ? कॅन आहे माझ्याकडे."

"नको. द्यायचं की नाही तेच तर ठरवायचंय."

ड्रायव्हरने मुंडके आत घेतले आणि ट्रक पुढे नेला. धार थांबली तशी सिस्टरने ट्रे उचलला, मापाच्या भांड्यात ओतला, भांडे डोळ्यांच्या पातळीवर धरले. दीडशे मिली. पेट्रोलच्या टाकीवर तक्ता ठेवून तिने 'बाहेर'च्या रकान्यात तेवढे लिहिले. शेवटचा, 'शेरा' असा मथळा असलेला रकाना कोराच ठेवला.

तो कोरा ठेवायची तिला एकोणतीस वर्षांची सवय होती. इस्पितळात कुठल्याही पेशंटबद्दल शंका आली की पलंगाच्या पायाशी आत-बाहेर तक्ता लागतो. पोटात किती गेले, बाहेर किती आले. घोटभर चहा घेतला तरी लिहायचा. लिहायचा नर्सने. शेरा मात्र डॉक्टरांचा. नोकरीच्या पहिल्याच दिवशी एका डॉक्टरांनी तिला सांगितले होते, "निरीक्षण तुमचं, निदान आमचं." त्यानंतर किती पेशंटांचे दुखणे तिला सोमवारी कळले आणि डॉक्टरांना गुरुवारी, याची गणती नाही. सोमवारचे तिने कधी बोलून दाखवले नाही. म्हणूनच तर एकोणतीस वर्षे झाली.

या वेळचा पेशंट मात्र पलंगावर मावणारा नव्हता. ती एक उंच, काटकुळी, डांबरावर आणि दगडांतही चालणारी ड्युएल-स्पोर्ट मोटारसायकल होती. घाटमाथ्यावरच्या सात वस्त्यांना जीप जात नाही, म्हणून अकरा वर्षांपूर्वी खात्याने ती घेतली. घेताना चालवणाऱ्याची उंची विचारात घ्यायची राहून गेली. सिस्टर पाच फुटांना दोन बोटे कमी. तिचा एका वेळी एकच पाय जमिनीला टेकायचा. कोणता, ते गाडी ठरवायची. पण अकरा वर्षांत दोघींचे जमून गेले होते.

आणि नऊ दिवसांपूर्वी खात्याच्या साहेबांचे पत्र आले. गाडी वारंवार तापून पाणी बाहेर टाकते. इंजिनातले हेड गॅस्केट फुटले असून त्यातून जळका वायू पाण्यात शिरतो. सबब वाहन दुरुस्तीयोग्य नाही. दोन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी तपासणी करून ते निर्लेखित करावे, म्हणजे भंगारात काढावे. वरच्या वस्त्यांची फेरी तूर्त स्थगित. तेथील रुग्णांनी खालच्या केंद्राचा लाभ घ्यावा. सिस्टरने नोंदणीच्या खिडकीवर रुजू व्हावे.

या खात्यात 'तूर्त' या शब्दाचे आयुष्य साधारण एका पिढीइतके असते. सिस्टरने पत्र दोनदा वाचले. तिसऱ्यांदा फक्त सोबत जोडलेल्या तपासणी अहवालाखालची सही वाचली. सही वाहनशाळेच्या मुख्य मिस्त्रींची होती. म्हणजे तिच्या सख्ख्या धाकट्या दिराची.

त्या शुक्रवारपर्यंत गाडी तिच्याच ताब्यात होती. ती इस्पितळाच्या भांडारात गेली आणि कोऱ्या तक्त्यांचे एक पॅड घेऊन आली.

*

"उशीर केलास," सर्वांत वरच्या वस्तीतली आजी म्हणाली. ती उंबऱ्यात डावा पाय लांब करून बसली होती, आणि तो पाय आपला नसून सिस्टरने तिच्याकडे ठेवायला दिला असावा असा तिचा चेहरा होता.

"गाडी तापली होती, आजी."

"माणूस तापलं तर पळत सुटतेस, आणि गाडी तापली तर तिच्यापाशी बसतेस. कुणाची नोकरी करतेस तू?"

सिस्टरने पट्टी सोडली. नडगीवरची जखम सात महिन्यांपूर्वी तळहाताएवढी होती. आता काडेपेटीएवढी. आठवड्यातून दोनदा धुऊन, सुकवून, बांधून ती एवढी झाली होती. कडेला गुलाबी कातडी धरत होती. सिस्टरने ती कड बराच वेळ पाहिली.

"आजी, पुढच्या आठवड्यापासून कदाचित तुम्हाला खाली यावं लागेल. केंद्रावर."

"कुणाला? मला?"

"हो."

"अगं, या उंबऱ्यावरून त्या पाण्याच्या पिंपापर्यंत जायला मला अर्धा तास लागतो. मी काय करू, नुसता पाय पाठवू खाली? कुणी उतरणारं असलं तर देते त्याच्या हाती. म्हणावं, पट्टी बांधून संध्याकाळपर्यंत परत पाठवा, रात्री लागतो तिला."

सिस्टर हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा हसली आणि हसता हसताच थांबली. पाय खाली कसे येतात हे तिने पाहिले होते. आधी जखम परत तळहाताएवढी होते. मग अंगठा काळा पडतो. मग चार जण झोळीतून माणूस आणतात, पाय खालीच राहतो, आणि माणूस वर गेले तरी ते फार दिवस राहत नाही. केंद्राच्या दप्तरात याची नोंद 'उशिरा दाखल' अशी होते. उशीर कुणी केला, असा रकाना नसतो.

"कुणी सांगितलं हे?" आजीने विचारले.

"साहेबांनी."

"त्याला म्हणावं, एकदा येऊन सांग. चालत."

*

रविवारी सकाळी सिस्टरचा नवरा जेवणाच्या टेबलावर तो तक्ता वाचत बसला होता. तो निवृत्त मुद्रितशोधक. छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेल्याने समोर आलेला कोणताही कागद, मग तो औषधाच्या बाटलीचा का असेना, तो हातात पेन्सिल घेऊनच वाचायचा. तरुणपणी अपेंडिक्स काढायला तो इस्पितळात दाखल झाला, तिथे तिला 'सिस्टर' म्हणून हाक मारू लागला आणि लग्नानंतरही त्याला दुसरे काही म्हणता येईना. घरी नव्याने येणाऱ्या पाहुण्यांची पहिली पाच मिनिटे फार अवघड जायची.

"सिस्टर, हा तक्ता चुकीचा छापलाय."

"छापलाय कुठे? हातानं लिहिलाय मी."

"मग चुकीचा लिहिलायस. एकच रकाना दोनदा उतरवलास. हे बघ. आत: दीडशे, एकशे चाळीस, एकशे साठ, दीडशे. बाहेर: दीडशे, एकशे चाळीस, एकशे साठ, दीडशे. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला डुलकी लागली की असंच होतं."

"मला कधी डुलकी लागली नाही अहो," असे म्हणत तिने तक्ता ओढून घेतला. आणि उभीच राहिली.

आठ दिवसांचे आकडे खरोखरच सारखे होते. सकाळी गाडी गार असताना ती रेडिएटरचे झाकण उघडायची, आत पातळी उतरलेली दिसायची, ती मोजून भरायची. घाटात तेवढेच बाहेर पडायचे. ना थेंब कमी, ना जास्त.

"अहो," ती हळूच म्हणाली, "गॅस्केट फुटलं असतं तर पाणी इंजिनात जळलं असतं. पांढरा धूर आला असता. घातलं दीडशे तर ट्रेमध्ये शंभरच आलं असतं. इथं सगळंच्या सगळं परत मिळतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे आत काही हरवत नाही. पेशंट आतून धडधाकट आहे."

"मग घातलेलं राहत का नाही?"

आता सिस्टर खाली बसली. रेडिएटरच्या बाजूला एक लहान बाटली असते. इंजिन तापले की फुगलेले पाणी त्या बाटलीत येते, आणि गाडी निवली की रेडिएटर ते परत ओढून घेतो. ती बाटली गेले कित्येक दिवस काठोकाठ भरलेली होती. रोज तिने ती पाहिली होती. पाहून तिला बरेही वाटले होते, कारण भरलेली बाटली दिसली की नर्सला बरे वाटते. बाटलीतले परत जात नव्हते, म्हणून रेडिएटर कोरडा दिसत होता. तो कोरडा दिसतो म्हणून ती वरून भरत होती. आणि वरून भरलेले, बाटलीत जागा नाही म्हणून, रस्त्यावर सांडत होते.

"मीच पाजत होते तिला," ती म्हणाली. "रोज. जबरदस्तीनं."

नवऱ्याने समासात एक छोटे प्रश्नचिन्ह काढले. "पण बाटलीतलं परत का जात नाही?"

एवढ्यात दार वाजले. रविवारी चहाला भावजी यायचे, तसे ते आले. मात्र या रविवारी ते चपला काढून दारातच उभे राहिले.

"वहिनी, रागावला असाल."

"आत या. उभ्यानं रागवायची माझी सवय नाही."

"चहा तरी घेऊ द्या आधी."

"घ्या. आणि सांगा, इंजिन कधी उघडलंत तुम्ही?"

भावजींनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. फुंकर जरा लांबली.

"उघडलं नाही," ते म्हणाले.

"बाहेरून तरी पाहिलं?"

"लांबून पाहिलं. साहेब म्हणाले, काहीतरी इंजिनातलं लिहा. बाहेरचं लिहिलं तर वरचे अधिकारी म्हणतील, दुरुस्त करून घ्या. इंजिनातलं म्हटलं की कुणी विचारत नाही. त्यांना ती फेरीच नको आहे, वहिनी. खिडकीवर माणूस कमी पडतंय. मी काय करणार? दोन वर्षं राहिलीत माझी. आपलेच दात, आपलेच ओठ."

"दात साहेबांचे आहेत, भावजी. ओठ तेवढे आपले."

नवरा तक्त्यात डोके खुपसून बसला. भावा-बायकोच्या मध्ये बोलणे म्हणजे आपण होऊन खिळ्यावर पाय देणे, हे तो संसारात शिकला होता. पण भावजी मिस्त्री होते आणि मिस्त्रीच्या समोर आकडे फार वेळ उताणे ठेवता येत नाहीत. चहा संपता संपता त्यांनी तक्ता आपल्याकडे वळवला. मग चष्मा लावला. मग बशी बाजूला सारली.

"सगळंच परत येतंय?"

"थेंबन् थेंब."

"चला," भावजी उठले. "टोपी बघू."

अंगणात गाडी गार उभी होती. भावजींनी रेडिएटरचे झाकण, म्हणजे ते ज्याला टोपी म्हणतात ते, फिरवून काढले आणि उलटे केले. मधोमध बोटाच्या नखाएवढी एक चकती होती. त्यांनी ती नखाने ओढून पाहिली. हलली नाही.

"ही बघा वहिनी, भानगड. मोठी स्प्रिंग आहे ती पाणी बाहेर सोडते. ही छोटी चकती गाडी गार झाली की उघडते आणि पाणी परत आत घेते. ही चिकटून बसलीय. बाहेर जायचं दार चालू, आत यायचं बंद. जावई रुसून गेला आणि परत आला तर दाराला आतून कडी."

"कशानं चिकटली?"

"हा पांढरा थर बघा. क्षार. कुठल्यातरी विहिरीचं पाणी घातलंत वाटेत?"

"साधं पाणी मी कधीच घातलेलं नाही," सिस्टर तडफेने म्हणाली. मग तिने तो पांढरा थर पाहिला. चिमटीत घेतला. बोटांत चुरला. आणि टोपी भावजींच्या हातातून काढून घेतली.

"काय झालं?"

"मागच्या वर्षी," ती म्हणाली, "सहाव्या वस्तीपाशी दगड लागून नळी निघाली होती. सगळं सांडलं. तिथं डबक्याशिवाय पाणी नाही. असलं घाण पाणी मी पेशंटला दिलं नसतं. माझ्या पेटीत सलाईनच्या दोन बाटल्या होत्या. मुदत संपलेल्या. पण निर्जंतुक."

भावजींनी चष्मा काढला.

"वहिनी, तुम्ही गाडीला सलाईन लावलंत?"

"लावलं नाही. पाजलं. आणि पुढंही तीन-चारदा दिलं. सोयीचं पडायचं."

"अहो, मीठ आहे ते!"

"शून्य पूर्णांक नऊ टक्के," सिस्टर म्हणाली. पण तिचाच आवाज तिला जरा केविलवाणा वाटला.

भावजी पायरीवर बसून हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तीस वर्षे वाहनशाळेत त्यांनी लोकांना रेडिएटरमध्ये शहाळ्यापासून साबणापर्यंत काय काय घालताना पाहिले होते, पण निर्जंतुक कारणासाठी गाडी बिघडवणारे पहिलेच माणूस त्यांच्या घरातले निघाले. नवऱ्यालाही हसू आवरेना. सिस्टर तेवढी हसली नाही. एकोणतीस वर्षांत तिच्या हातून चुकीचे सलाईन गेलेला हा पहिला पेशंट होता.

संध्याकाळच्या आत तिघांनी रेडिएटर तीनदा शुद्ध पाण्याने धुतला. भावजींनी एका जुन्या गाडीची चांगली टोपी आणून बसवली. बाटली खुणेपर्यंत, अर्धीच भरली. सोमवार ते गुरुवार चार फेऱ्या झाल्या. 'बाहेर'च्या रकान्यात सिस्टरने चार शून्ये लिहिली.

गुरुवारी ती अहवाल लिहायला बसली तेव्हा भावजी पुन्हा आले.

"टोपी जुनी झाली होती, बदलली, एवढंच लिहा. सलाईनचं लिहू नका."

"का?"

"का म्हणजे? हात दाखवून अवलक्षण! साहेब त्याच बाटलीत बुडवतील तुम्हाला. पुढच्या महिन्यात मेट्रनच्या बढतीची यादी लागतेय. सगळे म्हणतात, पहिलं नाव तुमचं."

"भावजी, तुम्ही जे बघितलं नाही ते लिहिलंत. आता मी जे केलं ते लिहू नको?"

भावजी चहाही न घेता गेले. सिस्टरने तक्ता पुढे ओढला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. त्या रकान्यात तिचे अक्षर तिलाच परके वाटत होते. टोपीची आतली झडप क्षाराने बंद. क्षार मुदतबाह्य सलाईनचा. सलाईन मी घातले. इंजिन निर्दोष.

नवऱ्याने वाचून पाहिले. पेन्सिल वर धरली आणि परत खिशात ठेवली.

*

शुक्रवारी साहेब वाहनशाळेच्या आवारात खुर्ची टाकून बसले होते. साहेब तरुण होते, बोलायला मधाळ होते, आणि वर वस्त्या आहेत हे त्यांना नकाशावरून पक्के माहीत होते. शेजारी भावजी निर्लेखनाची फाइल घेऊन उभे होते. सिस्टर घाट उतरून आली ती सरळ त्यांच्या खुर्चीपुढे. गाडी बंद केली, उडी मारून उतरली, खाली ट्रे सरकवला.

"हे काय?" साहेबांनी पाय मागे घेतले.

"पंधरा मिनिटं, साहेब."

पंधरा मिनिटांत बाटलीतले हिरवे पाणी बोटभर चढले, थांबले, आणि गाडी निवू लागली तसे हळूहळू उतरून खुणेवर येऊन बसले. ट्रे कोरडा होता. सिस्टरने तक्ता पुढे केला.

साहेबांनी तो वाचला. "निदान?" त्यांनी भुवया उंचावल्या. "सिस्टर, निदान करणं तुमचं काम नाही."

"बरोबर आहे. पण ज्यांचं काम होतं त्यांनी पेशंट उघडला नव्हता."

भावजी आपल्या बुटांकडे पाहू लागले. साहेब पुढे वाचत गेले, आणि एका ओळीवर त्यांच्या चेहऱ्यावर कोवळे हसू उमलले.

"हे काय? सरकारी सलाईन गाडीत घातलंत?"

"मुदत संपलेलं."

"मुदत संपलेलं नोंद करून नष्ट करायचं असतं."

"नष्ट झालं आहे. नोंद तेवढी उशिरा केली."

"सिस्टर, सिस्टर." साहेबांनी कागदाची घडी घातली. "मी हा कागद पाहिलाच नाही असं धरू. तुमच्या वयाचा विचार करूनच खिडकी देतोय ना मी? सावली आहे, पंखा आहे. मेट्रनची यादीही माझ्याच टेबलावरून जाते. या वयात चौकशी वगैरे लागलेली बरी दिसत नाही. निर्लेखनावर सही करा आणि आराम करा."

सिस्टरने क्षणभर विचार केला. पण विचार खिडकीचा नव्हता. काडेपेटीएवढ्या जखमेची गुलाबी कड तिच्या डोळ्यांपुढे होती.

"चौकशी लावा साहेब," ती म्हणाली.

"काय?"

"सलाईन मी घातलं, तेव्हा चौकशी माझी लावा. गाडीनं काही केलेलं नाही, आणि वरच्या लोकांनी तर नाहीच नाही. खिडकीवर मी बसणार नाही."

"ठीक आहे," साहेबांचा मध आटला. "चौकशी लागेल. आणि गाडी आजच भंगारात जाईल."

भावजी खाकरले. आधी बारीक, मग जरा मोठ्याने.

"साहेब, एक अडचण आहे. चौकशी सलाईनची, सलाईन गाडीत. म्हणजे गाडी पुरावा झाली. पुरावा निर्लेखित करता येत नाही."

"मग कुलपात ठेवा."

"तीच तर अडचण. नियम सतरा. चालू वाहन ताब्यात असेल तर चालू स्थितीत राखावं लागतं. आणि साहेब, गाडी चालवल्याशिवाय चालू राहत नाही. आठवड्याला निदान चार फेऱ्या तरी..."

"चालू?" साहेब उसळले. "तुमचाच अहवाल आहे, ती निकामी आहे म्हणून! ही तुमची सही आहे ना?"

सिस्टरला भावजींकडे पाहवेना. दोन वर्षे राहिली होती त्यांची. ती तोंड उघडणार तेवढ्यात भावजींनी फाइल गाडीच्या सीटवर ठेवली, खिशातून पेन काढले, आणि आपल्या शेऱ्यावर एक आडवी रेघ मारली. खाली सावकाश लिहिले: 'वरील मजकूर गाडी न तपासता लिहिला होता. आज तपासली. चालू आहे.' सही केली. तारीख घातली. ओळ सरळ आली.

"आता दोघांची लावा," ते म्हणाले आणि फाइल साहेबांपुढे धरली. "दोन चौकश्या म्हटल्यावर वेळही दुप्पट लागेल."

*

चौकशी लागली. ती तूर्त चालू आहे.

मेट्रनची यादी पुढच्या महिन्यात सूचनाफलकावर आली. पहिले नाव दुसरेच होते. ज्या मुलीने सुई टोचायला शिकताना सिस्टरच्याच दंडाची चाळण केली होती, तिचे. ती फलकापाशी उभी होती, आणि सिस्टरला पाहून तिचे डोळे भरून आले.

"सिस्टर, मला खरंच माहीत नव्हतं हो..."

"रडू नकोस. मेट्रनला शोभत नाही," सिस्टर म्हणाली. तिने यादी वरपासून खालपर्यंत एकदा वाचली, त्या मुलीच्या टोपीची निसटलेली पिन सरळ केली. "बायकांच्या वॉर्डात शेवटच्या पलंगापाशी वारा येतो. तो पलंग आधी हलव. मी सहा वर्षं सांगतेय, आता तूच सांग."

मग ती बाहेर आली. पेटी मागे बांधली, किक मारली. मंगळवार होता, वर आजी उंबऱ्यात पाय लांब करून बसली असणार.

फाटकात साहेबांची मोटार आडवी उभी होती. साहेब आत बसून फोनवर बोलत होते. त्यांनी काचेतून तिला पाहिले आणि बोलणे न थांबवता हाताने खूण केली, मागे घ्या.

मोटारसायकलला मागे जायचा गिअर नसतो. सिस्टरने हॉर्न वाजवला नाही, इंजिनही बंद केले नाही. एक पाय टेकून ती तशीच उन्हात बसून राहिली. थोड्या वेळाने रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू झाला आणि घरघरू लागला. फाटकावरचा पहारेकरी स्टुलावरून उठून उभा राहिला. वरच्या खिडकीतून दोन नर्सेस वाकून पाहू लागल्या. साहेबांनी पुन्हा खूण केली, या वेळी जरा जोरात. सिस्टरने पाय बदलला.

शेवटी मोटारीचा मागे जायचा पांढरा दिवा लागला.